दोन 'फ्रँकफुर्टर': आल्गेमाइने कोणतं आणि रुंडशाउ कोणतं?

ऑगस्ट 2025 मध्ये एका जर्मन दैनिकाची बातमी भारतात दिवसभर फिरत होती. ट्रम्प यांनी काही आठवड्यांत मोदींना चार वेळा फोन लावायचा प्रयत्न केला आणि मोदींनी तो घेतला नाही, असा त्या दैनिकाचा दावा होता. दैनिकाचं नाव लांबलचक, त्यामुळे बोलताना आखडून 'ते फ्रँकफुर्टरवालं' एवढंच उरतं. घोटाळा इथेच होतो. 'फ्रँकफुर्टर' म्हणजे नुसतं 'फ्रँकफर्टचं', आणि देशभर नाव असलेली फ्रँकफर्टची दैनिकं दोन आहेत: 'फ्रँकफुर्टर आल्गेमाइने त्साइटुंग' आणि 'फ्रँकफुर्टर रुंडशाउ'. फोनची बातमी आल्गेमाइनेची होती.

हा फरक किरकोळ नाही. आल्गेमाइने उजवीकडे झुकलेलं, उद्योग-बाजाराचा कैवार घेणारं. रुंडशाउ डावीकडचं, कामगार संघटनांच्या जवळचं. एकाचं मत दुसऱ्याच्या नावावर खपवलं तर दोघांवरही अन्याय होतो.

वयाने रुंडशाउ थोरलं. 'रुंडशाउ' म्हणजे चौफेर नजर. हिटलरचा पराभव होऊन तीन महिनेही झाले नव्हते, शहर ढिगाऱ्यांत होतं, आणि 1 ऑगस्ट 1945 ला त्याचा पहिला अंक निघाला. त्या काळात वृत्तपत्र काढायला दोस्त राष्ट्रांच्या लष्करी प्रशासनाचा परवाना लागे, आणि अमेरिकेच्या ताब्यातल्या भागात असा परवाना मिळालेलं हे पहिलं दैनिक. परवाना एका मालकाला न देता सात जणांना मिळून दिला होता. त्यांत सोशल डेमोक्रॅट होते, कम्युनिस्ट होते, एक डाव्या विचारांचे कॅथलिक होते. सातांपैकी एमिल कार्लेबाख बुखेनवाल्डच्या छळछावणीतून जिवंत बाहेर आलेले. मात्र शीतयुद्धाचे वारे सुटले तसे कम्युनिस्ट नकोसे झाले आणि 1947 मध्ये कार्लेबाख यांचा परवाना अमेरिकनांनीच काढून घेतला. पुढे हे दैनिक घडवलं ते कार्ल गेरोल्ड यांनी. नाझी काळ स्वित्झर्लंडमध्ये निर्वासित म्हणून काढलेला हा सोशल डेमोक्रॅट 1973 मध्ये मरेपर्यंत रुंडशाउचा कणा होता.

आल्गेमाइनेचा जन्म 1 नोव्हेंबर 1949 चा. तेव्हा परवान्याची अट नुकतीच उठली होती आणि पश्चिम जर्मनीचं प्रजासत्ताक काही महिन्यांचं होतं. 'आल्गेमाइने' म्हणजे सर्वसाधारण, सगळ्यांसाठीचं. नावाखाली आजही 'जर्मनीसाठीचं वृत्तपत्र' अशी ओळ असते, म्हणजे शहरापलीकडे बघण्याचा इरादा पहिल्या दिवसापासूनचा. इथे आणखी एक नाव मध्ये येतं आणि गोंधळ वाढवतं: 'फ्रँकफुर्टर त्साइटुंग'. लेओपोल्ड झोनेमान यांनी 1856 मध्ये सुरू केलेलं हे उदारमतवादी दैनिक नाझींनी 1943 मध्ये बंद पाडलं. त्याच्याशी संबंधित काही मंडळी आल्गेमाइनेत आली, नावही जवळपास तेच, म्हणून पुष्कळ जण आल्गेमाइनेला त्याचाच पुनर्जन्म समजतात. वारशाचा धागा आहे, पण संस्था नवी.

आल्गेमाइनेची सगळ्यात वेगळी गोष्ट म्हणजे तिथे मुख्य संपादक नसतो. चार-पाच जण मिळून 'हेराउसगेबर' म्हणजे प्रकाशक-संपादक असतात आणि दैनिकाची दिशा ते एकत्र ठरवतात. राजकारण, अर्थकारण आणि 'फॉइलेटोन' म्हणजे संस्कृतीची पानं, अशी तीन राज्यं एकाच छपराखाली नांदतात, आणि त्यांचे सूर नेहमी जुळतातच असं नाही. राजकारणाच्या पानावर सनातनी वाटणारं दैनिक संस्कृतीच्या पानावर चकित करतं. मार्सेल राइश-रानिकी हे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वॉर्सा घेट्टोतून वाचलेले समीक्षक 1973 पासून पंधरा वर्षं तिथे साहित्य विभाग सांभाळत होते. जून 2000 मध्ये मानवी जनुकसंचाच्या वाचनाची घोषणा झाली, तेव्हा हेराउसगेबरांपैकी एक, फ्रांक शिरमाखर यांनी फॉइलेटोनची पानंच्या पानं जनुकक्रमाच्या अक्षरांनी भरून टाकली. वाचायला त्यात काही नव्हतं. पण विज्ञान हा आता संस्कृतीचाच प्रश्न आहे, हे इतक्या ठामपणे सांगणारं दुसरं पान मला माहीत नाही.

ही सामूहिक रचना मतभेद पचवतेच असं मात्र नाही. संस्थापकांपैकी पाउल झेटे यांना चॅन्सेलर आडेनाउअर यांचं परराष्ट्र धोरण पटत नव्हतं, आणि त्या वादात 1955 मध्ये त्यांना दैनिक सोडावं लागलं. वृत्तपत्रस्वातंत्र्य म्हणजे दोनशे श्रीमंतांचं आपली मतं पसरवण्याचं स्वातंत्र्य, हे त्यांचं दहा वर्षांनंतरचं वाक्य जर्मनीत आजही सांगितलं जातं. ते वाचताना मला त्यामागे 1955 दिसतं.

रुंडशाउचं बळ दुसरीकडे होतं. जानेवारी 1959 मध्ये त्याचे बातमीदार थोमास ग्निल्का नाझीपीडितांच्या नुकसानभरपाईवर काम करत होते. छळातून वाचलेल्या एका माणसाने त्यांच्या हाती जुनी कागदपत्रं ठेवली. आउश्विट्झच्या नाझी छळछावणीत कैद्यांना गोळ्या घातल्याची ती अधिकृत कागदपत्रं होती, आणि त्यांत मारणाऱ्यांची नावं होती. ग्निल्का यांनी ती हेसे राज्याचे महाअभियोक्ता फ्रिट्झ बाउअर यांच्याकडे पाठवली. त्या कागदांनी तपासाला मोठा रेटा मिळाला आणि डिसेंबर 1963 मध्ये फ्रँकफर्टचा आउश्विट्झ खटला उभा राहिला. खटला दीड वर्षाहून अधिक चालला, आणि तो दिवसेंदिवस कोर्टात बसून सविस्तर टिपला कोणी, तर आल्गेमाइनेच्या बेर्न्ड नाउमान यांनी. डावं-उजवं अशी सरळ वाटणी करून मोकळं होणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. जर्मनीच्या त्या हिशेबात एका दैनिकाने कागद पोचवले, दुसऱ्याने साक्षी नोंदवल्या.

रुंडशाउची आणखी एक बातमी मला अस्वस्थ करते. नोव्हेंबर 1999 मध्ये त्याने ओडेनवाल्डशूले या नामांकित निवासी शाळेच्या माजी मुख्याध्यापकांनी मुलांवर केलेले लैंगिक अत्याचार छापले. पुढे जवळपास काहीच झालं नाही. इतर माध्यमांनी विषय उचलला नाही, शाळा चालू राहिली. 2010 मध्ये रुंडशाउने पुन्हा लिहिलं, तेव्हा कुठे देश हादरला. दहा वर्षांहून अधिक काळ बातमी छापील रूपात सगळ्यांसमोर पडून होती.

आता पैशाची बाजू, कारण दोघांचं नशीब तिथे फिरलं. वरवर दोघांची मालकी सारखीच दिसत होती: आल्गेमाइनेचा फार मोठा हिस्सा 'फाझिट' या न्यासाकडे, आणि गेरोल्ड यांच्यानंतर रुंडशाउ त्यांच्या नावाच्या न्यासाकडे. न्यासाची मालकी असली की दैनिक सुरक्षित, हा समज रुंडशाउने खोटा ठरवला. नाव देशभर होतं, पण पोट भरत होतं फ्रँकफर्ट परिसरातल्या नोकरी आणि घरांच्या छोट्या जाहिरातींवर, आणि त्या इंटरनेटवर गेल्या. आल्गेमाइनेलाही 2001 नंतर जाहिरातींचा जबर फटका बसला, खास बर्लिनसाठीची पानं बंद करावी लागली. पण गाठीला बरंच होतं. रुंडशाउचा मोठा हिस्सा 2004 मध्ये सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या माध्यम कंपनीने घेतला. स्वतंत्र म्हणवणाऱ्या दैनिकाला हे अवघडच होतं. 2006 मध्ये कोलोनच्या डुमोंट शाउबेर्ग प्रकाशनसंस्थेकडे सूत्रं गेली आणि 13 नोव्हेंबर 2012 ला दिवाळखोरीचा अर्ज दाखल झाला.

वाचवायला कोण आलं? आल्गेमाइने. 2013 मध्ये आल्गेमाइने आणि तिच्या जवळच्या फ्रँकफर्टमधल्या प्रकाशनसंस्थेने रुंडशाउ घेतलं. स्वतंत्र संपादकीय भूमिका टिकावी म्हणून 10 टक्के हिस्सा गेरोल्ड न्यासाकडे राहिला. संपादकीय विभागातले फक्त 28 जण कायम राहिले, बाकी शेकडोंची नोकरी गेली. आयुष्यभर ज्याच्याशी वैचारिक झुंज दिली त्याच्याच आधाराने उभं राहण्याची ती वेळ, तरी रुंडशाउ डावंच राहिलं. ही व्यवस्था पाच वर्षं टिकली. 2018 मध्ये रुंडशाउ इपेन या माध्यमसमूहाकडे गेलं, त्यामुळे 'दोन्ही एकाच घरची' हे तेव्हाचं वाक्य आज कुणी सांगितलं तर ते जुनं आहे.

विक्रेत्याकडे अंक समोर असेल तर ओळखणं सोपं. आल्गेमाइने मोठ्या आकाराचं, नाव जुन्या टोकदार जर्मन वळणाच्या काळ्या अक्षरांत. 5 ऑक्टोबर 2007 पर्यंत त्याच्या पहिल्या पानावर, मोजके अपवाद सोडले तर, छायाचित्रच नसे. शुद्धलेखनाचे नवे सरकारी नियम पटले नाहीत म्हणून 2000 मध्ये या दैनिकाने जुनं लेखन परत आणलं आणि 2007 पर्यंत ते चालवलं. रुंडशाउची खूण हिरवा रंग, आणि 30 मे 2007 पासून आकार लहान, टॅब्लॉइडचा.

अंक हाती नसेल आणि नुसतं बातमीतलं नाव दिसत असेल, तर पहिला शब्द सोडून दुसरा वाचावा. तो 'नॉये प्रेसे' असेल तर ते तिसरंच दैनिक, मुख्यतः शहरापुरतं. 2018 च्या त्याच व्यवहारात तेही रुंडशाउबरोबर इपेनकडे गेलं.