कणसंख्येतील चढउतार: सांख्यिकीय आणि गतिकीय

सोन्याची किंवा शिशाची दोन अणुकेंद्रके जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने एकमेकांवर आदळली, की प्रत्येक टकरीतून बाहेर पडणाऱ्या कणांची संख्या वेगळी येते, आणि या फरकाला सरसकट ‘चढउतार’ म्हटले जाते. या एकाच शब्दात दोन भिन्न गोष्टी मिसळलेल्या असतात. कण सुटे आणि मोजके असल्यामुळे होणारे चढउतार सांख्यिकीय, तर कणांच्या परस्परसंबंधांतून येणारे गतिकीय. हा भेद नजरेतून सुटला, तर वितरणाची नुसती रुंदी पाहून त्यात नवे भौतिकशास्त्र शोधले जाते.

समजा, ठरावीक प्रकारच्या टकरीत सरासरी २५ प्रोटॉन सापडतात आणि प्रत्येक प्रोटॉन इतरांशी काहीही संबंध नसल्यासारखा निर्माण होतो. अशा वेळी त्यांची संख्या पॉसाँ वितरणाप्रमाणे, म्हणजे स्वतंत्र घटनांच्या मोजणीला लागू पडणाऱ्या वितरणाप्रमाणे पसरते; प्रचरण (प्रमाण विचलनाचा वर्ग) सरासरीइतकेच, म्हणजे २५, आणि प्रमाण विचलन ५ येते. एका टकरीत २० आणि दुसरीत ३० प्रोटॉन दिसले, तर त्यातून टकरीतल्या द्रव्याविषयी काहीच कळत नाही.

गतिकीय चढउतार म्हणजे या अपेक्षेपासूनचे विचलन. ते किती लहान असते, हे सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेतील एनए४९ प्रयोगावरून चांगले समजते. प्रति न्यूक्लिऑन (केंद्रकातला प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन) १५८ जीईव्ही (ऊर्जेचे एकक) ऊर्जेच्या शिसे-शिसे टकरींमध्ये केऑन आणि पायॉन या टकरीत निर्माण होणाऱ्या दोन प्रकारच्या कणांच्या संख्यांचे गुणोत्तर दर टकरीला मोजले, तेव्हा त्याची रुंदी सुमारे २३ टक्के आली. मग वेगवेगळ्या टकरींमधला एकेक कण उचलून कृत्रिम टकरी रचण्यात आल्या. अशा मिश्र टकरीत मोजणीचा गोंगाट तसाच राहतो, परंतु कणांमधला सहसंबंध पुसला जातो. तिचीही रुंदी जवळजवळ तितकीच निघाली! दोन्ही रुंदींच्या वर्गांमधील फरकाचे वर्गमूळ काढल्यावर जे उरले, ते सुमारे २.८ टक्के होते. माझ्या मते, या क्षेत्रातली सगळी सावधगिरी त्या दोन जवळजवळ सारख्या रुंदींमधून शिकावी.

गुणोत्तर निवडण्यामागेही कारण आहे. कोणत्याही दोन टकरी सारख्याच नेमक्या समोरासमोर होत नाहीत, त्यामुळे तयार होणाऱ्या द्रव्याचे आकारमानही बदलत राहते. सरासरी ४०० कण असतील, तर पॉसाँ प्रचरण ४०० असते. पण आकारमान १० टक्क्यांनी हलत असेल, तर त्यात आणखी १६०० ची भर पडते. म्हणजे मूळ गोंगाटाच्या चौपट भर केवळ भूमितीमुळे. गुणोत्तरात आकारमान बऱ्याच अंशी कटते, मोजणीचा गोंगाट मात्र कटत नाही.

आणखी एक गैरसमज मला अधिक चिंताजनक वाटतो, तो म्हणजे गतिकीय चढउतार दिसले की क्रांतिक बिंदू, म्हणजे केंद्रकीय द्रव्य आणि मुक्त क्वार्क-ग्लुऑन द्रव्य यांच्यातली सीमारेषा जिथे संपते तो बिंदू, सापडला असे मानणे. एकाच अल्पायुषी कणाच्या विघटनातून प्रोटॉन आणि पायॉन जोडीने बाहेर पडले, तरी सहसंबंध निर्माण होतो. काही राशी बदलत नाहीत असे सांगणारे अक्षय्यतेचे नियमही तेच करतात. सोन्याच्या दोन केंद्रकांमध्ये मिळून ३९४ न्यूक्लिऑन असतात आणि निव्वळ बेरिऑन संख्या (प्रोटॉन-न्यूट्रॉनसारखे बेरिऑन वजा त्यांचे प्रतिकण) बदलत नाही. त्यामुळे सगळे कण टिपणारा शोधक असता, तर या संख्येत चढउतार शून्यच दिसले असते. चढउतार दिसतात, कारण आपण कोन आणि संवेग यांच्या मर्यादित खिडकीतूनच पाहतो.

क्रांतिक बिंदूची खूण शोधण्यासाठी अमेरिकेतील आरएचआयसी या त्वरकावरील स्टार प्रयोगात टकरीची ऊर्जा टप्प्याटप्प्याने बदलून निव्वळ प्रोटॉन संख्येचे (प्रोटॉन वजा प्रतिप्रोटॉन) चौथ्या क्रमापर्यंतचे क्युम्युलंट, म्हणजे वितरणाचा आकार सांगणाऱ्या राशी, मोजले गेले. सैद्धांतिक अंदाजानुसार सहसंबंध लांबी (सहसंबंध जितक्या अंतरापर्यंत पोहोचतो ते अंतर) दुप्पट झाली, तर प्रचरणातला क्रांतिक भाग चौपट होतो, तर चौथ्या क्युम्युलंटमधला सुमारे १२८ पट. मात्र हीच उच्च क्रमाची राशी शोधकाच्या उणिवांना सर्वांत आधी बळी पडते. निम्मेच कण टिपले गेले, तर प्रचरण आणि सरासरी यांच्या गुणोत्तराचे पॉसाँपासूनचे विचलन निम्मे होते, पण चार कणांचा खरा सहसंबंध सोळाव्या हिश्शावर येतो आणि वितरण पुन्हा पॉसाँसारखेच भासू लागते. म्हणून कार्यक्षमतेची, म्हणजे शोधक किती कण टिपतो त्या प्रमाणाची, दुरुस्ती करण्यापूर्वी पॉसाँशी केलेली तुलना द्रव्याविषयी कमी आणि शोधकाविषयी अधिक सांगते.