पुन्हा पुन्हा तुरुंगात: अमली पदार्थांच्या कायद्याची पार्श्वभूमी

ठाणे आणि तळोजा येथील मध्यवर्ती कारागृहांत अमली पदार्थांच्या गुन्ह्यांखाली असलेल्या बंद्यांचे भवितव्य मुख्यतः १९८५ चा अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायदा आणि त्यातील दुरुस्त्या ठरवतात. त्याआधी १९३० च्या कायद्यात कमाल शिक्षा ३ वर्षांची, तर पुन्हा गुन्हा करणाऱ्यास ४ वर्षांची होती. नव्या कायद्याने गंभीर गुन्ह्यांसाठी किमान १० वर्षांचा सश्रम कारावास आणला.

१९८९ ची दुरुस्ती सर्वाधिक वादग्रस्त ठरली. ठरावीक प्रमाणाहून अधिक मालाच्या गुन्ह्यात दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्यास फाशीच द्यावी, असे तिने कलम ३१-अ मध्ये घातले आणि न्यायाधीशांना दुसरा पर्यायच ठेवला नाही. जून २०११ मध्ये उच्च न्यायालयाने कलम रद्द न करता फाशी ऐच्छिक ठरवली, आणि २०१४ मध्ये संसदेने कायद्यातही तसाच बदल केला. हा निर्णय योग्यच होता. पण सारी चर्चा फाशीभोवती फिरत राहिल्याने त्याच दुरुस्तीतील इतर तीन तरतुदींकडे दुर्लक्ष झाले. कलम ३७ ने जामीन दुर्मीळ केला, कलम ३२-अ ने शिक्षेत माफी मिळण्याची वाट बंद केली, आणि स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीस खटल्यातून सूट देणारे कलम ६४-अ ही त्याच वेळी आले.

२००१ च्या दुरुस्तीनंतर सारे वजनावर आले. २०१५ मध्ये कायद्याच्या कक्षेत आलेल्या एमडीची (मेफेड्रोन या कृत्रिम अमली पदार्थाची) अल्प मात्रा २ ग्रॅम, तर व्यावसायिक मात्रा ५० ग्रॅम आहे. त्यामुळे मुंब्र्यात किंवा तुर्भ्यात छापा पडला की पंचनाम्यात नोंदलेल्या पुड्यांच्या वजनावर जामीन अवलंबून असतो. अल्प मात्रेसह सापडलेला तरुण सहसा लवकर सुटतो, व्यसन मात्र सुटत नाही, आणि तो पुन्हा पकडला जातो. पोलिसांच्या लेखी दाखल गुन्ह्यांवरून तो ‘सराईत’ होतो. कलम ३१ प्रमाणे दीडपट शिक्षेसाठी मात्र आधी दोषसिद्धी झालेली असावी लागते, आणि खटले वर्षानुवर्षे रेंगाळत असल्याने अनेकांच्या बाबतीत पहिल्या गुन्ह्याचाही निकाल लागलेला नसतो. अशा व्यसनी आरोपीस दोषी ठरवल्यावर उपचारासाठी सोडण्याचा अधिकार कलम ३९ ने न्यायालयाला दिला आहे, परंतु तो वापरायचा तर जवळपास सरकारी किंवा सरकारमान्य व्यसनमुक्ती केंद्रात खाट उपलब्ध असावी लागते.

२०२५ मध्ये राज्याने संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात अमली पदार्थांची तस्करी समाविष्ट केली, आणि जामिनाची वाट आणखी अरुंद झाली.