माळरानाचं वय

एप्रिल-मे महिन्यांत साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर उन्हं चढली की दगडादगडावर एकेक नर सरडा येऊन बसतो. अंगानं किरकोळ, रंगानं मातकट. डोळ्यांसमोर असूनही दिसायचा नाही. मग तो मान ताठ करतो आणि गळ्याखालची घडी उलगडतो. निळा, काळा, केशरी असा झगझगीत पंखा. दोन-चारदा उघडझाप केली की पुन्हा दगडासारखा दगड. पावसाळा लागला की हा सगळा थाट संपतो.

गळ्याला असा पंखा असलेल्या भारतातल्या बहुतेक सरड्यांना फार काळ एकाच नावाखाली ढकललं जात होतं : 'सिटाना पॉन्टिसेरियाना'. फ्रेंच शास्त्रज्ञ कुव्हिए यांनी १८२९ साली पुदुच्चेरीवरून ठेवलेलं हे नाव. २०१६ मध्ये व्ही. दीपक, वरद गिरी, प्रवीण कारंथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गटाची शरीररचना आणि डीएनए दोन्ही नीट तपासले, आणि एकाच्या पोटातून पाच नव्या प्रजाती निघाल्या. शिवाय दख्खनच्या सरड्यांसाठी एक वेगळा वंशच (जीनस, म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट) करावा लागला. त्याचं शास्त्रीय नाव 'सरडा'. लॅटिन-ग्रीक नावांच्या गर्दीत आपला अस्सल मराठी शब्द. चाळकेवाडीचा तो 'सरडा सुपर्बा'.

पण नावांपेक्षा मोठा प्रश्न होता तो हे इतके प्रकार झाले कधी आणि का, हा. त्यासाठी दीपक आणि कारंथ यांनी उपखंडातल्या १०७ ठिकाणांहून नमुने जमवले आणि २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. डीएनएमध्ये बदल साचत जातात. दोन प्राण्यांमधला फरक जितका जास्त, तितका त्यांचा समाईक पूर्वज जुना. या फरकांचं वर्षांमध्ये रूपांतर करायला वय माहीत असलेले जीवाश्म लागतात. इथं पाच जीवाश्मांचा आधार घेतला. हिशेब असा निघाला : हा वंश फुटायला लागला सुमारे १ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी, आणि फांद्या भराभर वाढल्या त्या १ कोटी १० लाख वर्षांपूर्वीपासून पुढे. पहिला काळ मान्सूनची घडी बसण्याचा. दुसरा, तो मान्सून तीव्र होण्याचा आणि उपखंड कोरडा पडू लागण्याचा.

मान्सून तीव्र झाला आणि देश कोरडा पडला, हे ऐकायला विचित्र वाटतं. माणदेशात वाढलेल्याला वाटणार नाही. वर्षाचा पाऊस तीन-चार महिन्यांत पडून गेला की उरलेले आठ महिने जमिनीनं काढायचे कसे? सदाहरित जंगलाला ते जमत नाही, गवताला जमतं. पावसात वाढायचं, दिवाळीनंतर वाळायचं, मुळांशी जीव धरून बसायचं.

या गवताची साक्ष शिवालिकच्या टेकड्यांत, पाकिस्तानातल्या पोटवार पठाराच्या जुन्या मातीत सापडते. कुसळी, ज्वारी, ऊस ही सगळी एकाच गोतावळ्यातली गवतं. त्यांची कार्बन घेण्याची रीत झाडांपेक्षा वेगळी, त्यामुळे ती जिथं वाढतात तिथल्या मातीत कार्बनच्या समस्थानिकांचं (त्याच्या हलक्या-जड रूपांचं) प्रमाण बदलतं. पोटवारच्या मातीत हा बदल ८० ते ६० लाख वर्षांपूर्वीच्या थरांत ठळक दिसतो. झाडं मागे हटली आणि गवत पसरलं. अर्थात ही नोंद वायव्येची; दख्खनच्या माळाचं वय तिच्यावरून थेट ठरत नाही. म्हणून तर सरड्यांची साक्ष महत्त्वाची.

या सरड्यांचा जवळचा भाऊबंद 'ओटोक्रिप्टिस'. तो दक्षिण पश्चिम घाटाच्या आणि श्रीलंकेच्या ओल्या जंगलात राहतो, आणि त्याच्या मागच्या पायाला पाच बोटं असतात. माळावरच्याला चारच. जंगलातले ते जुन्या काळाचे अवशेष, प्रजातींनी मोजके. उघड्यावर आलेल्यांचा मात्र विस्तार झाला. २०१८ च्या अभ्यासानं १५ प्रजाती वेगळ्या काढल्या, त्यांतल्या १३ एकट्या द्वीपकल्पातल्या. दख्खनची रचनाच तशी तुकड्यातुकड्यांची. मध्येच पठार, मध्येच दरी, कुठं काळी माती, कुठं मुरूम. वीतभर प्राण्याला एक नदीखोरंही परदेश.

'ऑफिसॉप्स' या सापासारख्या डोळ्यांच्या छोट्या सरड्यांवर इशान अगरवाल आणि उमा रामकृष्णन यांनी २०१७ मध्ये केलेलं कामही याच दिशेला बोट दाखवतं : आपली गवताळ माळरानं प्राचीन आहेत. हे ठासून सांगायचं कारण, सरकारी नकाशांत माळरानाचा बराच भाग आजही 'पडीक' या सदरात मोडतो. माणसानं जंगल तोडलं म्हणून उरलेली उजाड जमीन, असा समज त्यामागे आहे. काही ठिकाणी तसं झालंही असेल. पण माणूस जन्मायच्या आधीपासून उघड्यावर राहणारे सरडे काही तोडलेल्या जंगलात तयार झालेले नाहीत.

कोरड्या हवामानानं सगळ्यांचीच भरभराट केली, असं मात्र नाही. २०११ मध्ये माळढोकाचा असाच अभ्यास झाला. पाच राज्यांतले ६३ नमुने, आणि मायटोकाँड्रियाच्या, म्हणजे आईकडून येणाऱ्या, डीएनएचे प्रकार सापडले फक्त तीन. इतकी कमी विविधता तोवर कुठल्याच माळढोकवर्गीय पक्ष्यात आढळली नव्हती. शिकार आणि नांगर यांनी माळढोक संपवत आणला हे खरंच, पण डीएनए सांगतं की त्याची पहिली मोठी घट २० ते ४० हजार वर्षांपूर्वीची. शेवटचं हिमयुग ऐन भरात येत होतं, मान्सून कमकुवत होत होता. माळ वाढला तर माळावरच्या पक्ष्याची चंगळ व्हायला हवी, असं आपल्याला वाटतं. पण माळढोकाची मादी साधारणपणे हंगामाला एकच अंडं घालते आणि पिलाला किडे लागतात ते पावसानंतरचे. पाऊसच हुकत राहिला तर एका अंड्याच्या हिशेबाला भरून यायला वाव राहत नाही. हा माझा तर्क.

त्याच काळात इथं शहामृगही होते. जळगाव जिल्ह्यात चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथं शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे सापडले. वय सुमारे २५ हजार वर्षं. एकावर माणसानं कोरलेली आडव्यातिडव्या रेघांची नक्षी आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणू जीवशास्त्राच्या संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये राजस्थान आणि मध्य प्रदेशातल्या अशाच कवचांतून डीएनए मिळवला. तो आफ्रिकेतल्या शहामृगाशी जुळला. माळढोक त्या फेऱ्यातून कसाबसा निघाला, शहामृग निघाला नाही.

माळढोक आणि सरडा यांच्या या दोन इतिहासांचा आजच्या संवर्धनाच्या कामाशी सरळ संबंध आहे. ६३ नमुन्यांत प्रदेशानुसार फरक दिसला नाही; सोलापूरचा माळढोक आणि राजस्थानचा माळढोक हे मायटोकाँड्रियाच्या हिशेबात एकाच घरचे. तेव्हा जैसलमेरजवळ सम इथं २०१९ पासून चाललेल्या प्रजनन केंद्रातली पिलं उद्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर सोडायची म्हटली, तर रक्त वेगळं आहे अशी हरकत घ्यायला फारशी जागा नाही. अडचण येईल ती माळ शिल्लक असण्याची आणि विजेच्या तारांची. सरड्याचं उलट आहे. चाळकेवाडीच्या पठारावरचा पंखा मिटला तर तो दुसरीकडून आणता येईलच असं नाही. चार खोरी ओलांडून गेल्यावर दगडावर बसलेला नर बहुधा दुसऱ्याच प्रजातीचा असतो.