वजाबाकी चुकली, पण का चुकली?

परवा भाचीची गणिताची वही बघत बसले होते, तिसरीत आहे ती आणि सध्या हातच्याची वजाबाकी चालू आहे. ५२ − २७ = ३५, ८३ − ४८ = ४५, ६१ − ३५ = ३४, तिन्हींवर लाल फुल्या. बिनहातच्याची मात्र सगळी बरोबर. आता ही तीन उत्तरं नीट बघा, यात धांदरटपणा कुठेच नाहीये, पोरगी एक नियम अगदी मन लावून पाळतेय, आकडा वरचा असो की खालचा, मोठ्यातून लहान वजा करायचा. विचारलं तर म्हणाली, "अगं मावशी, दोनातून सात जातच नाहीत ना, मग सातातून दोन घालवले."

एआय आल्यावर शिक्षक राहणार का, शाळा राहणार का, अशी चर्चा सगळीकडे चालू असते, पण मला विचाराल तर एआयचं शिक्षणातलं खरं काम या वहीत आहे, म्हणजे फुलीमागचा नियम ओळखणं. आणि ही कल्पना काही नवी नाही. १९७८ मध्येच अमेरिकेत जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी 'बगी' नावाच्या प्रोग्रॅमवर शोधनिबंध लिहिला होता. त्यांनी वजाबाकीचे बारीक बारीक तुकडे केले, मग त्यातला एखादा बरोबर तुकडा काढून तिथे चुकीचा घालायचा आणि येणारी उत्तरं मुलाच्या उत्तरांशी जुळतात का बघायचं. जुळली की कळलं, पोराचं नेमकं कुठे अडलंय. चाळीस मुलांच्या वर्गात बाईंना प्रत्येक वहीसाठी एवढा वेळ कुठून मिळणार, मशीनला मात्र तो आहे.

आजचे चॅटबॉट त्या बगीपेक्षा कितीतरी ताकदवान आहेत, पण त्यांची सवय वेगळी, विचारलं की उत्तर हातात. याचं काय होतं ते तुर्कस्तानातल्या हायस्कूलच्या जवळपास १००० मुलांवर केलेल्या प्रयोगात दिसलं, तो २०२४ मध्ये समोर आला. साधा चॅटबॉट मिळालेल्या मुलांनी सरावाची गणितं ४८ टक्के जास्त चांगली सोडवली, पण नंतर तो काढून घेऊन परीक्षा घेतली तर ज्यांना तो कधीच मिळाला नव्हता त्यांच्यापेक्षा त्यांना १७ टक्के कमी मार्क! दुसऱ्या एका गटाला जरा वेगळा चॅटबॉट दिला होता, तो थेट उत्तर न देता इशारे द्यायचा, आणि मुलं कुठे कुठे चुकतात हे शिक्षकांनी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. त्या गटाचं नुकसान जवळजवळ झालंच नाही. फायदाही परीक्षेत दिसला नाही, हे पण सांगायला हवं. पण मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की चुकांची माहिती शिक्षकांकडून आली.

आणि इथेच आपल्या मुलांचा प्रश्न येतो, कारण आपल्या चुका थोड्या आपल्या भाषेच्या पण असतात. बावन्न म्हणताना आपण दोन आधी ऐकतो आणि पन्नास नंतर, म्हणून मूल ५२ च्या जागी २५ लिहून मोकळं होतं, 'फिफ्टी-टू' ऐकणाऱ्याचा तसा गोंधळ होत नाही. याच कारणासाठी २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'पन्नास दोन' अशी पद्धतही दिली होती, तेव्हा गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या, आणि किती गदारोळ झाला ते आठवत असेलच. माझ्या मते त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. आता मुख्यतः इंग्रजी मजकुरावर वाढलेलं मशीन उत्तरात ५२ ऐवजी आलेले हे २५ बघून काय समजणार? त्याला वाटेल वजाबाकी चुकली, आणि पोरीची वजाबाकी बरोबरच असेल, फक्त आकडा ऐकून लिहिताना उलटा झालेला.

अशा चुकांची यादी कुठल्या परदेशी लॅबमध्ये तयार नाही मिळणार. जिल्हा परिषदेच्या शाळेत वीस वीस वर्षं पहिली-दुसरी शिकवणाऱ्या बाईंना ती तोंडपाठ असते, कुठल्या महिन्यात कुठली चूक येते हेसुद्धा. मराठीत मुलांसाठी एआय बनवणाऱ्यांनी पहिलं काम म्हणून त्यांच्याकडे जाऊन बसावं, वह्या उघडून.