खाजणाच्या गाळात मोजलेला समुद्र

खाजण म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणारी किनाऱ्यालगतची दलदल. तिथल्या जमिनीची उंची समुद्र ठरवतो. भरतीचे पाणी आत शिरते, गवताच्या दाटीत त्याचा वेग मंदावतो आणि सोबत आणलेला गाळ तिथेच बसतो. त्यात मुळे आणि कुजलेली पाने मिसळत जातात. जमीन सखल असेल तर पाणी जास्त वेळ साचून राहते, गाळही जास्त बसतो आणि ती वर येते. पुरेशी वर आली की भरती तिथवर क्वचितच पोचते आणि वाढ थंडावते. समुद्र सावकाश चढत असेल तर खाजणही त्याच्या मागोमाग चढत राहते. शतकानुशतके हे चालले की काही मीटर जाडीचा साठा तयार होतो, आणि त्यातला प्रत्येक थर त्या त्या काळच्या भरतीच्या टप्प्यात घडलेला असतो.

हा साठा मोलाचा आहे, कारण माणसाने केलेली मोजमापे फार अलीकडची आहेत. ॲमस्टरडॅमच्या नोंदी १७०० पासूनच्या, स्टॉकहोमच्या १७७४ पासूनच्या. उपग्रहांची अखंड मोजणी तर १९९२-९३ मध्ये सुरू झाली. बहुतेक किनाऱ्यांवर शंभर वर्षांचीही सलग नोंद नाही. आजची वाढ नेहमीच्या चढउतारातली आहे की त्याबाहेरची, हे ठरवायला हजारो वर्षांचा पट लागतो. तो चिखलात मिळतो.

पण थर सापडला म्हणून पातळी कळत नाही. तो थर भरतीच्या नेमक्या कोणत्या उंचीवर तयार झाला, हे कळावे लागते. वनस्पतींवरून अंदाज येतो. उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर स्पार्टिना गवताची एक जात रोजच्या भरतीत बुडणाऱ्या पट्ट्यात वाढते आणि दुसरी त्याच्या वर, जिथे पाणी मुख्यतः उधाणाच्या वेळी पोचते. मात्र खरा नेमकेपणा येतो तो फोरॅमिनिफेरा या एकपेशीय जीवांमुळे.

खुल्या समुद्रातले कितीतरी फोरॅमिनिफेरा चुन्याचे कवच करतात. खाजणाच्या आम्लधर्मी चिखलात असे कवच विरघळून जाते. इथले काही रहिवासी मात्र रेतीचे आणि गाळाचे सूक्ष्म कण सेंद्रिय चिकट द्रव्याने जोडून घर बांधतात, आणि ती घरे हजारो वर्षे टिकतात. कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या डलहौसी विद्यापीठाचे डेव्हिड स्कॉट आणि फ्रँको मेडिओली यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले की या जीवांच्या जाती उंचीनुसार पट्ट्यापट्ट्यांत राहतात. खाजणाच्या अगदी वरच्या कडेला मोजक्याच जाती तग धरतात. त्यामुळे तो पट्टा गाळात ओळखू आला की जुनी पातळी काही सेंटिमीटरच्या फरकाने सांगता येते. या विषयातली मला सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट हीच आहे: टिंबाएवढ्या जीवाला कुठली जागा मानवते यावरून समुद्राची उंची कळते.

प्रत्यक्ष काम चिकाटीचे असते. अर्धगोल पात्याचे हातगिरमिट चिखलात खुपसून फिरवले की गाळाचा अखंड दंडगोल बाहेर येतो. त्याच्या सेंटिमीटरभर जाडीच्या चकत्या पाडतात. चकती पाण्याखाली बारीक चाळणीत धुतली की चिखल निघून जातो. उरलेला भाग पाण्यातच ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पाण्यात ठेवण्यामागे कारण आहे. जॅडामिना मॅक्रेसेन्स ही खाजणातली महत्त्वाची जात. तिची भिंत इतकी पातळ असते की वाळली की कप्पे आत बसतात. ट्रोकॅमिना इन्फ्लाटाचे कप्पे फुगीर, चक्राकार, आतून गडद तपकिरी आणि बाहेर फिकट होत जाणारे. मिलिअमिना फुस्का लांबट असते आणि ती विपुल दिसली तर जागा खालच्या पट्ट्यातली होती असे धरता येते. एकेका चकतीतले असे जीव एकेक करून मोजायचे.

त्याआधी आजच्या खाजणात वरच्या कडेपासून उघड्या चिखलापर्यंत जागोजागी पृष्ठभागाचे नमुने घेऊन प्रत्येक जागेची उंची मोजलेली असते. कोणत्या उंचीवर कोणत्या जाती किती प्रमाणात राहतात, याचे संख्याशास्त्रीय नाते त्यातून बसवतात आणि तेच जुन्या चकत्यांना लावतात. समजा, एक चकती आजच्या सरासरी समुद्रपातळीच्या १ मीटर खाली मिळाली आणि तिच्यातले जीव सरासरी पातळीच्या ६० सेंटिमीटर वर राहणारे निघाले, तर त्या काळी समुद्र आजच्यापेक्षा १.६ मीटर खाली होता.

काळ ठरवायला गाळात अडकलेल्या वनस्पतींच्या अवशेषांचे रेडिओकार्बन वय, म्हणजे त्यांत किरणोत्सारी कार्बन किती उरला आहे यावरून वय, काढतात. गेल्या तीनेक शतकांसाठी ही पद्धत धूसर उत्तरे देते, म्हणून तिथे दुसऱ्या खुणा वापरतात: दर सुमारे २२ वर्षांनी निम्मे होणारे किरणोत्सारी शिसे-२१०, अणुचाचण्यांमुळे १९६३ च्या सुमारास शिगेला पोचलेले किरणोत्सारी सीझियम-१३७, कारखान्यांच्या धुरातून आलेले शिसे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रॅगवीड या तणाचे परागकण एकाएकी वाढलेले दिसतात. युरोपीय वसाहतकारांनी जंगले तोडून शेते केली, तो हा थर.

या साऱ्याचा मोठा निकाल अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिनातून आला. संशोधक अँड्र्यू केम्प, बेंजामिन हॉर्टन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तिथल्या दोन खाजणांवरून सुमारे दोन हजार वर्षांचा आलेख मांडला. इसवी सनपूर्व १०० च्या आसपासपासून इसवी सन ९५० पर्यंत पातळी जवळपास स्थिर. पुढची चारशे वर्षे दरवर्षी ०.६ मिलिमीटर वाढ. मग पुन्हा स्थिर, किंचित उतार. आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दरवर्षी सरासरी २.१ मिलिमीटर, म्हणजे त्या दोन हजार वर्षांतला सर्वाधिक वेग.

हे आकडे जमिनीची हालचाल वजा करून काढलेले आहेत. खाजण समुद्र आणि जमीन यांच्यातला फरक नोंदवते. दोघांपैकी कोण हलले, हे ते एकटे सांगू शकत नाही. हिमयुगात कॅनडावर पसरलेल्या हिमस्तराच्या भाराने त्याखालची जमीन दबली होती आणि कडेची उचलली गेली होती. बर्फ वितळून हजारो वर्षे झाली, तरी ती उचललेली कड अजून खाली बसते आहे आणि नॉर्थ कॅरोलिनाचा किनारा त्याच पट्ट्यात येतो. शिवाय वरच्या भाराने खालचा गाळ दबतो आणि थर मूळ जागेहून खाली सरकतात. यावर उपाय म्हणून कठीण रेतीवर थेट टेकलेला तळाचा थर निवडतात. त्याच्याखाली दबण्यासारखे काही नसते.

जमीन झटक्यात हलली तर गाळ तेही लपवत नाही. भूवैज्ञानिक ब्रायन ॲटवॉटर यांनी १९८७ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावरचे पुरलेले खाजण उजेडात आणले. मुळांनी भरलेला तपकिरी थर एका रेषेत तुटतो, काही ठिकाणी त्यावर रेतीचा पातळ पदर असतो आणि लगेच करडा चिखल सुरू होतो. समुद्र सावकाश चढला असता तर मधले पट्टे क्रमाने दिसले असते. इथे भूकंपात किनारा एकदम खचला होता आणि रेती त्सुनामीने आणली होती. खाऱ्या पाण्याने मेलेल्या सिडार वृक्षांच्या खोडातल्या शेवटच्या वार्षिक वाढकड्या १६९९ च्या निघाल्या. जपानमध्ये जानेवारी १७०० मध्ये, भूकंप जाणवलेला नसताना, आलेल्या त्सुनामीच्या लेखी नोंदी होत्या. दोन्ही जुळवल्यावर भूकंपाची तारीख ठरली: २६ जानेवारी १७००.

मग खाजण समुद्राच्या मागोमाग कितपत चढू शकते? हॉर्टन यांच्या गटाने २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या जुन्या गाळातून याचा शोध घेतला. सापेक्ष वाढ, म्हणजे जमिनीच्या तुलनेत समुद्राची वाढ, दरवर्षी ७.१ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त झाली की खाजण विस्तारण्यापेक्षा मागे हटण्याची शक्यता नऊपट होते. खारफुटीसाठी २०२० मध्ये निघालेली मर्यादाही ६ ते ७ मिलिमीटरच्या घरातली आहे. २००६ ते २०१८ या काळात जगाची सरासरी वाढ दरवर्षी ३.७ मिलिमीटर होती, त्यामुळे अजून वाव आहे असे वाटू शकते. पण एखाद्या किनाऱ्याला ही सरासरी लावून भागत नाही. जिथे जमीनही खचते, तिथे तो वेग त्यात मिळवावा लागतो; आणि हजारो वर्षे संथपणे चाललेले हे खचणे मोजायला खाजणाचे जुने थरच लागतात.