लोंढा स्टेशनवर हरवलेलं नाव

आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या एका मागवाल्याचा मुलगा दोन वर्षांमागे घरातून निघून गेला आणि चौथ्या दिवशी लोंढा जंक्शनच्या बाकावर सापडला. कपडे मळलेले, पण अंगावर ओरखडासुद्धा नाही. नाव विचारलं तर गप्प, गाव विचारलं तर गप्प. मराठी कळत होतं, कन्नड कळत होतं, चहाचे पैसे मोजून देत होता. मामा समोर उभा राहिला तर म्हणाला, "तुम्ही कोण?" घरी आणल्यावर काकानं मुद्दाम मागावरची एक तार तोडली. पोरानं दोन बोटांच्या चिमटीत ती क्षणात सांधली. माग कुणाचा, ते मात्र त्याला सांगता येईना.

गल्लीत दोन निदानं झाली. म्हातारी माणसं म्हणाली, खानापूरच्या रानात चकवा लागला. तरुण म्हणाले, डोक्याला मार बसला असणार, मालिकेत दाखवतात तसा.

चकव्यात तथ्य आहे, पण ते वेगळं. जर्मनीतल्या मॅक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी 2009 साली दाखवलं की ढगांनी सूर्य झाकलेला असेल तर घनदाट जंगलात माणसं खरोखरच गोल गोल फिरतात आणि त्यांना ते कळत नाही. पण चकव्यात माणसाची दिशा हरवते. आपण कोण, हे तो विसरत नाही.

माराचं म्हणाल तर मेंदूच्या इजेनं सहसा नेमकं उलटं होतं. अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या रुग्णाचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणींचं काम करणारा भाग, 1953 साली शस्त्रक्रियेत दोन्ही बाजूंनी बराचसा काढला गेला. त्यानंतर नवं काही त्याच्या लक्षात राहीना, पण स्वतःचं नाव आणि बालपण त्याला आठवत होतं. आमच्या पोराला काल भेटलेला डॉक्टर आज आठवत होता, फक्त मागचं आयुष्य सापडत नव्हतं. असा उलटा नकाशा दिसला की डॉक्टरांना डिसोसिएटिव्ह ॲम्नेशियाची शंका येते. यात मोठा धक्का, कर्ज, अब्रूची भीती, घरातली हिंसा अशा असह्य ताणानंतर स्वतःच्याच आयुष्याची आठवण बंद होते. त्या अवस्थेत माणूस भटकत दूर निघून गेला तर त्याला फ्यूग म्हणतात. या पोरावर मागाच्या हप्त्यांचा डोंगर होता, हे नंतर कळलं.

आठवण पुसली जात नाही, तर मग बंद कशी होते? मला यातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते हेच. जॅकार्डचा माग पाहिला असेल तर समजायला सोपं जाईल. ताण्याच्या हजारो तारा मागावर असतातच. कुठल्या तारा एकदम उचलायच्या, हे भोकं पाडलेले पुठ्ठे ठरवतात, आणि तेव्हा पदरावर मोर उमटतो. आठवणीच्या तारा, म्हणजे चेहरा, आवाज, वास, मेंदूच्या बाह्यपटलावर ठिकठिकाणी पसरलेल्या असतात. त्यातल्या कुठल्या एकत्र जागवायच्या, हे कानशिलांच्या आत खोलवर असलेला हिप्पोकॅम्पस ठरवतो. पुठ्ठा अडकला की तारा शाबूत असूनही मोर दिसत नाही. गाठ मारायचं कसब मात्र या पुठ्ठ्यावर नसतं. ते स्ट्रायाटम नावाचा मेंदूतला खोलवरचा भाग आणि लहान मेंदू यांच्या ताब्यात असतं, म्हणून बोटं विसरली नाहीत.

आता पुठ्ठा अडकवतं कोण? मानसशास्त्रज्ञ मायकेल अँडरसन यांनी 2001 साली लोकांकडून शब्दांच्या जोड्या पाठ करून घेतल्या. मग पहिला शब्द दाखवून सांगितलं, दुसरा मनात येऊच देऊ नका. पुढं त्यांना तो दुसरा शब्द खरोखरच कमी आठवला, वेगळा इशारा देऊनसुद्धा. 2004 मध्ये हाच प्रयोग स्कॅनरमध्ये केला तेव्हा कपाळामागच्या डॉर्सोलॅटरल प्रीफ्रंटल भागाचं काम वाढलेलं आणि हिप्पोकॅम्पसचं घटलेलं दिसलं. म्हणजे मेंदूचा पुढचा भाग हिप्पोकॅम्पसला ब्रेक लावतो. प्रयोगातला ब्रेक हलका आणि हेतुपूर्वक लावलेला होता, आजारात तो रुग्णाच्या इच्छेविना लागतो. जपानमध्ये 2010 साली अशा दोन रुग्णांना ओळखीच्या, पण ओळखू न येणाऱ्या माणसांचे चेहरे दाखवले. तिथंही हेच चित्र: पुढचा भाग जोरात, हिप्पोकॅम्पस मंद. त्यातल्या एकाची स्मृती परतली तेव्हा हा फरकही मावळला.

म्हणून "नाटक करतोय" असं कुणी म्हटलं की मला राग येतो. त्याहून जास्त राग येतो तो देवऋषाचा. या पोरालाही घरच्यांनी आधी एकाकडं नेलं होतं. धुरी दिली, वेताच्या छडीनं मारलं. भूत काढायच्या नावाखाली मारणं हा कर्नाटकच्या 2017 च्या कायद्यानं गुन्हा आहे. आणि विज्ञानाच्या दृष्टीनं पाहिलं तर भीतीनं ज्याचा ब्रेक लागलाय त्याला आणखी भीती घालणं म्हणजे ब्रेकवर दुसरा पाय ठेवणं. संमोहनानं सगळं आठवून देतो म्हणणाऱ्यांपासूनही जपून राहा. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी 1995 मध्ये 24 जणांना लहानपणी दुकानांच्या गर्दीत हरवल्याची खोटी गोष्ट सुचवली, तर सुमारे चौथाई जणांना ती आपलीच आठवण वाटली.

हे निदान करण्याआधी फिट, साखर, दारू, औषधं, डोक्याची इजा हे सगळं तपासून घ्यावं लागतं. बेळगावकरांना धारवाडची सरकारी मानसोपचार संस्था जवळ आहे, आणि 14416 हा टेलि-मानसचा फोन मोफत आहे.

पोराला धारवाडला नेलं. तिथं शांत जागा होती, झोप मिळाली आणि कुणी खोदून खोदून विचारत नव्हतं. अकराव्या दिवशी आई डबा घेऊन आत आली आणि तो म्हणाला, "आई, माग बंद ठेवलायस काय?" घर, शाळा, हप्ते, सगळं परत आलं. घर सोडल्यापासून लोंढ्याच्या बाकापर्यंतचे दिवस मात्र अजून कोरेच आहेत.