आरशातला डावा हात

निपाणीकडच्या विडी वळणाऱ्या बायांचं पोट बोटांवर चालतं. पानात तंबाखू भरायची, गुंडाळायचं, टोक दुमडायचं, तेही दोन्ही हातांनी. अशा बाईच्या डाव्या अंगावरून वारं गेलं की घरचे आधी विचारतात, "हात चालेल न्हवं परत?" ठाम उत्तर कुणीच देऊ शकत नाही. पण हात अजिबात हलत नसला तरी करता येण्याजोगा एक व्यायाम आहे, आणि त्याला लागतो फक्त आरसा.

रुग्णाला टेबलाशी बसवून छातीच्या मध्यासमोर आरसा उभा करतात. काचेची बाजू चांगल्या हाताकडे, लुळा हात आरशामागे. आरसा एवढा हवा की मागचा हात पूर्ण झाकला जाईल; कडांना चिकटपट्टी लावलेली बरी. मग उजवी मूठ उघडायची, मिटायची, तळवा उताणा-पालथा करायचा, अंगठा एकेका बोटाला लावायचा, आणि नजर आरशावर. तिथे डावा हात हलताना दिसतो! मागचा हातही तसाच हलवायचा प्रयत्न सोबत करायचा.

इथे बांगड्या आडव्या येतात. उजव्या मनगटात हिरवा चुडा, डाव्यातल्या बांगड्या सुजेमुळे काढलेल्या, असं असेल तर 'हा माझाच हात' हे मेंदूला पटत नाही. म्हणून बांगड्या, अंगठी, घड्याळ काढायला सांगतात. सवाष्ण बाई चुडा उतरवायला राजी नसते. मग लांब बाहीखाली झाकावा. त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

ही युक्ती मुळात लकव्यासाठी नव्हती. चेन्नईत डॉक्टरी शिकून अमेरिकेत गेलेल्या वि. एस. रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात हात कापावा लागलेल्या लोकांवर ती वापरली. नसलेल्या हाताची मूठ आवळल्यासारखी दुखायची. आरशात ती उघडताना दिसली की काहींना आराम पडायचा. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकामध्ये लकव्याच्या नऊ रुग्णांवरचा प्रयोग छापून आला. तुलनेसाठी आरशाऐवजी पारदर्शक प्लास्टिक वापरलं होतं. नऊ म्हणजे काहीच नाही. पण २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे झालेले अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या अहवालात, ६२ अभ्यास आणि १,९८२ रुग्ण होते. हाताची हालचाल आणि रोजची कामं यांत सुधारणा दिसली, निदान नेहमीच्या उपचाराला जोड म्हणून. 'जोड' हा शब्द मी मुद्दाम अधोरेखित करतो, कारण आरसा आणला म्हणून फिजिओथेरपिस्टला सुट्टी देणारी घरं असतात.

डाव्या हाताचा कारभार मेंदूच्या उजव्या बाजूकडे असतो. डावा हात हलताना दिसला की त्या बाजूचा हालचालीचा भाग जास्त उत्तेजित होतो, असं मोजमापात आढळतं. 'मिरर न्यूरॉन'चं, म्हणजे दुसऱ्याची हालचाल नुसती पाहूनही जाग्या होणाऱ्या मेंदूतल्या पेशींचं, नाव यात सर्रास घेतलं जातं. मला ते घाईचं वाटतं.

बहुतेक अभ्यासांत रोज सुमारे अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, असा महिनाभराचा क्रम असतो. काहींना गरगरतं, मळमळतं, तेव्हा थांबावं. बाकी मोठी अडचण कंटाळ्याची. त्या अर्ध्या तासात टीव्ही बंद हवा, आणि भेटायला आलेल्या पाहुण्यांना चहा बाहेरच्या खोलीत द्यावा.